शिफ्ट ड्यूटी करणाऱ्यांची दिनचर्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कोणासाठी आहे?

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या लाइनवर उभे राहणारे, हॉस्पिटलातल्या सिस्टर, सोसायटीचे वॉचमन, टोलनाक्यावरचे कर्मचारी, हिंजवडीत बसून अमेरिकेच्या वेळेला लॉगिन करणारे. थोडक्यात, ‘पहाटे साडेपाचला उठा, कोमट पाणी प्या, सूर्यनमस्कार घाला’ हा सल्ला वाचून ज्यांना हसू येतं ते सगळे. साडेपाचला तुम्ही मशीनवर असता. जनरल शिफ्टवाल्यांनी वाचायला हरकत नाही. घरात कोणी शिफ्टला असेल तर मात्र घरच्यांनी वाचायलाच हवं, कारण अर्ध्याहून जास्त गोष्टी त्यांच्याच हातात असतात.

दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मग दिनचर्या ठरवायची तरी कशी?

घड्याळाला बांधून ठरवायची नाही. ‘रोज सकाळी ७ ला नाश्ता’ तुम्हाला जमणार नाही, पण ‘उठल्यावर तासाभरात नाश्ता’ जमेल. ‘रात्री ९ ला जेवण’ जमणार नाही, ‘कामाला निघण्याआधी पोटभर जेवण’ जमेल.

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा : फर्स्ट, सेकंड, नाईट. प्रत्येक रकान्यात सगळ्यात आधी झोप लिहा. बहुतेक जण उलटं करतात. आधी ड्यूटी, मग प्रवास, मग बाजार, मुलांची शाळा, आणि उरलेल्या फटीत झोप. अशी झोप चार तासांवर येते आणि आपल्याला वाटतं नाईटच वाईट.

समजा तुमची फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते १२ आणि नाईट १२ ते ७ अशी आहे. फर्स्टला रात्री साडेनऊ ते पाच झोप. सेकंडला रात्री १ ते साडेआठ. नाईटला सकाळी साडेआठ ते दुपारी दोन, आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ आणखी एक डुलकी. आता कागदाकडे नीट बघा. फर्स्ट आणि सेकंड या दोन्ही आठवड्यांत रात्री १ ते ५ तुम्ही झोपलेलेच आहात. म्हणजे तीन आठवड्यांपैकी दोन आठवडे शरीराला रात्रीचे हे चार तास कायम मिळतात. ते मोडू नका. सेकंडहून आल्यावर अडीचपर्यंत मोबाइल बघत बसलात, तर हातातली एकमेव स्थिर गोष्ट तुम्हीच घालवता.

झोपेनंतर मोठं जेवण लिहा. मग घरच्यांसोबतची एक तरी ठरलेली वेळ. बाकीचं सगळं त्यानंतर. तो कागद फ्रिजवर लावा, कपाटात ठेवू नका. तो तुमच्यापेक्षा घरच्यांच्या जास्त उपयोगाचा आहे.

नाईटची सवय होते असं जुने लोक म्हणतात. खरं आहे का?

कामाची सवय होते. शरीराला होत नाही, निदान पूर्ण तरी नाही.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात वीसेक हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे आपलं मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज स्वतःला लावून घेतं. अंधार पडला की मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि झोप येऊ लागते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, आणि नाईटला नेमक्या त्याच वेळी डोळे ओढतात, थंडी वाजते, रीडिंग घेताना आकडे चुकतात. पेशीपेशीत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहा रात्री जागून हे घड्याळ थोडं सरकतं. सुट्टीच्या दिवशी आपण पुन्हा रात्री झोपतो, उन्हात फिरतो, आणि ते परत मूळ जागी येतं. शिवाय नाईटहून घरी येताना सकाळचं कोवळं ऊन तोंडावर पडतं, ते तर त्याला ‘दिवस उजाडला’ असंच सांगतं. त्यामुळे ‘मला काही होत नाही, वीस वर्षं नाईट करतोय’ असं म्हणणाऱ्या काकांचं कौतुक करावं, पण त्यांचं उदाहरण घेऊ नये.

शिफ्ट कोणत्या क्रमाने फिरावी याने फरक पडतो का?

पडतो. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं त्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट हा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोसतो. नाईटवरून सेकंड आणि मग फर्स्ट हा उलटा क्रम जास्त त्रास देतो. तुमच्याकडे उलटा असेल तर युनियनकडे किंवा सेफ्टी कमिटीच्या बैठकीत विषय काढा. यात कंपनीचा पैसा जात नाही, त्यामुळे ऐकलं जाण्याची शक्यता बरी असते.

नाईटहून आल्यावर लगेच झोपावं की कामं उरकून मग?

लगेच. ‘आलोच आहे तर गॅसचं बघून येतो, बँकेत जाऊन येतो’ असं करता करता अकरा वाजतात, ऊन चढतं, आणि मग झोप लागते ती दीड तासात मोडणारी. सकाळी साडेआठला अंथरुणात असलेला माणूस आणि साडेअकराला पडलेला माणूस यांच्या झोपेत फार फरक असतो.

कंपनीच्या बसने येत असाल तर बसमध्ये गॉगल लावा. लोक हसतील, हसू द्या. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र लावू नका, डुलकी लागायची. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, एखादं थालीपीठ किंवा वाटीभर दूध-पोहे, आणि आडवं व्हायचं. उपाशी झोपलात तर अकराला भूक उठवते. तुडुंब जेवलात तर जळजळ.

खोलीत अंधार करा, खरा अंधार. साध्या पडद्यातून दुपारचं ऊन आरपार येतं. महागडे पडदेच लागतात असं नाही. स्टेशनरीच्या दुकानातला काळा कार्डशीट खिडकीच्या मापाने कापून चिकटपट्टीने लावला की काम होतं. पंखा जोरात ठेवा, त्याच्या घरघरीत बाहेरचे बरेच आवाज बुडतात. मोबाइल सायलेंटवर, आणि फक्त घरच्या एका नंबरला सूट. दाराची बेल बंद करता येत असेल तर सकाळी साडेआठ ते दोन बंद. कुरिअरवाला, भंगारवाला, गॅसवाला आणि वर्गणीवाले सगळे याच वेळात येतात.

आमचं वन रूम किचन आहे. मुलं, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही. झोपायचं कुठे?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि त्याला चकचकीत उत्तर नाही. गिरणगावात एकेका खोलीत दहा-बारा गडी राहायचे, एका पाळीचे कामाला गेले की दुसऱ्या पाळीचे तिथेच पथारी पसरायचे. पण खोलीतले सगळेच गिरणीत असल्याने झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही. आज अडचण अशी की घरातला एकटाच माणूस शिफ्टला असतो आणि बाकी सगळं घर दिवसाचं चालतं.

करता येतं ते असं. कुकर सकाळी आठच्या आत लावून टाकायचा. कपडे धुण्याचं मशीन दुपारी दोननंतर. मुलं शाळेत असतात त्या वेळात सलग झोप बसवायची आणि मुलं आल्यावर उठायचं, म्हणजे त्यांनाही गप्प बसवावं लागत नाही. शेजारी आईचं, बहिणीचं घर असेल आणि दिवसा रिकामं असेल, तर नाईटच्या आठवड्यात तिथे जाऊन झोपण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत हे सगळं गुंडाळून ठेवावं लागतं. समोरच मंडळाचा स्पीकर असेल तर त्या आठवड्यासाठी आधीच कोणाशी तरी शिफ्ट बदलून घ्या. गावाकडच्या सहकाऱ्याला सुट्टी हवी असते, तुम्हाला झोप. सौदा जमतो.

झोप दोन तुकड्यांत घेतली तर चालते का?

चालते. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सात तास तरी झोप हवी. सलग मिळाली तर उत्तम. नाही तर एक तुकडा चार-पाच तासांचा असावा, आणि दुसरा ड्यूटीला निघण्याआधी दीड-दोन तासांचा. तासातासाचे पाच तुकडे मात्र झोपेत धरू नका.

आजी म्हणते दिवसा झोपू नये. आयुर्वेदातही तसंच आहे ना?

दिवसाच्या झोपेवर आयुर्वेदात आक्षेप आहे हे खरं, पण तो रात्री झोपलेल्या माणसासाठी. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात, जिथे ऋतूनुसार आणि प्रकृतीनुसार झोपेचा विचार आहे तिथेच, रात्री जागरण घडलं तर जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी जेवणाआधी झोपावं असं सांगितलंय. आजीला हे दाखवा. फक्त निम्म्यावर थांबू नका. तो सल्ला कधीमधी घडलेल्या जागरणासाठी आहे, सलग सहा नाईटसाठी नाही.

नाईटला काय खावं? कँटीनमध्ये दोन वाजता जेवण मिळतं.

रात्री पोटही अर्धवट झोपलेलं असतं. तेच जेवण, तीच माणसं, पण रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं आणि साखर दिवसापेक्षा जास्त वर चढते. म्हणून मुख्य जेवण घरून निघण्याआधी करा : भाकरी किंवा पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर, रोजचंच. दोनच्या सुट्टीत हलकं काही. मुगाची खिचडी, उकडलेली अंडी, फुटाणे-शेंगदाणे, ताक, केळं. फुकट आहे म्हणून कँटीनचा भात-रस्सा आणि वर गुलाबजाम रेटायचा नाही. चार वाजताची पेंग निम्मी त्या भाताची असते.

वडापाव आणि फरसाण कधीतरी ठीक. रोजचं झालं की अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची होते, आणि ती गोळी खिशात बाळगणं आपल्याकडे इतकं सर्रास झालंय की त्याला कोणी आजार म्हणतच नाही.

आणि चहा? त्याशिवाय नाईट निघत नाही.

चहा प्या, पण वेळ बघून. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेतीनला घेतलेला कप तुम्ही साडेआठला अंथरुणावर पडता तेव्हाही अर्धा काम करत असतो. पहिला चहा ड्यूटी सुरू होताना, दुसरा दीड-दोनच्या आसपास, बस्स. सुटताना गेटवर सगळे मिळून जो कटिंग मारतात तोच खरा घातकी. गप्पा मारा, कटिंग सोडा.

तंबाखू आणि सिगारेटचंही तेच. निकोटिन जागं ठेवतं आणि दिवसाची झोप तोडतं. झोप यावी म्हणून सकाळी एक पेग घेणारेही आहेत. दारूने झोप पटकन लागते, पण दोन-तीन तासांनी उचटते, आणि घोरणाऱ्याचं घोरणं वाढवते.

ड्यूटीवर डुलकी घेतलेली चालते का?

शरीराला चालते, साहेबाला चालेलच असं नाही. सुट्टीच्या वेळात, परवानगीच्या जागी वीस मिनिटं डोळे मिटले तर पहाटेची चपळाई टिकते. अर्ध्या तासाच्या वर गेलात तर उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं डोकं जड राहतं. त्या अवस्थेत प्रेस मशीनसमोर उभं राहू नका आणि सलाइनचा रेट लावू नका. अलार्म लावूनच झोपा.

डबल (सलग दोन शिफ्ट) मारल्यावर बाइकने घरी जातो. काळजी घेतो. चालेल ना?

नाही. या पानावर इतकं ठाम उत्तर दुसरं नाही.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा १७ तास सलग जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडला. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. डबल करून निघालेला माणूस थेंबही न पिता त्या रेषेच्या पलीकडे असतो. फरक इतकाच की त्याला पोलीस अडवत नाही.

‘काळजी घेतो’ याला अर्थ नाही, कारण दोन-तीन सेकंदांची डुलकी आपल्याला कळतसुद्धा नाही. साठच्या वेगात तीन सेकंदांत बाइक पन्नास मीटर जाते. शेवटचे दोन किलोमीटर कसे आलो ते आठवत नसेल तर ती डुलकीच होती. गाडी पार्किंगमध्ये सोडा, बसने जा, कोणाच्या मागे बसून जा. तेही नसेल तर निघण्याआधी वीस मिनिटं रेस्टरूममध्ये झोपा. ओटीचे पैसे महिनाअखेरीला दिसतात, म्हणून डबल आकर्षक वाटते. सलग दोन दिवस डबल मारू नये, इतका नियम तरी स्वतःपुरता करा.

व्यायामाला वेळ कुठून काढायचा?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला दहा-दहा मिनिटं दोनदा झपझप चाललात तरी जवळपास तिथे पोहोचता. उठल्यानंतर करा, झोपण्याआधी नको. नाईटच्या आठवड्यात फक्त चाला. जिम, धावणं फर्स्ट-सेकंडच्या आठवड्यांत. आठ तास उभं राहणं हा व्यायाम नाही, त्याने फक्त पोटऱ्या दुखतात.

नाईट करून आल्यावर मला झोपायलाच मिळत नाही. घरी स्वयंपाक वाट बघत असतो.

हा प्रश्न बहुतेक सिस्टर विचारतात. रात्री आठ ते सकाळी आठ वॉर्डात पळून घरी यायचं, ओट्यावर दूध उतू जाऊन वाळलेलं, डबे भरायचे, सासूबाईंची गोळी, मग भांडी, मग ‘आता पड जरा’. तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात आणि दोनला मुलाची स्कूल बस.

पुरुष नाईट करून आला की घर दबक्या पावलांनी चालतं. बाई आली की तिचं घरी असणं म्हणजे ती मोकळी आहे असं धरलं जातं. दिनचर्या आखून हे सुटत नाही, घरात बोलूनच सुटतं. बोलताना ‘मला थकवा येतो’ म्हणू नका, त्यावर सगळ्यांकडे उत्तर असतं. आकडा सांगा : ‘मी काल तीन तास झोपले आणि आज रात्री पुन्हा तीस पेशंटना इंजेक्शनं द्यायची आहेत.’ मग एकच गोष्ट मागा. नाईटच्या दिवसांत सकाळचा डबा मी करणार नाही, इतकीच. पोळ्या लावून घ्या, विकत आणा, नवऱ्याने कराव्यात. एक गोष्ट पक्की झाली की दुसरी मागता येते.

सेकंड शिफ्ट शरीराला बरी वाटते, पण मन उदास होतं. असं का?

कारण सेकंडमध्ये झोप मिळते आणि माणसं मिळत नाहीत. मुलं शाळेतून येतात तेव्हा तुम्ही बसमध्ये. तुम्ही येता तेव्हा ती झोपलेली. मित्रांचा कट्टा, भजनी मंडळ, क्रिकेट, लग्नाचं रिसेप्शन, सगळं संध्याकाळचं.

म्हणून सेकंडच्या आठवड्यात सकाळ राखून ठेवा. मुलाला शाळेत सोडायला तुम्हीच जा. त्यासाठी झोप मोडली तरी दुपारी अर्धा तास भरून काढा. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली असू द्या, पाच मिनिटांची का असेना. ‘वेळ मिळाला की करतो’ म्हटलं की होत नाही. आणि शिफ्टवाल्यांचा स्वतःचा कट्टा असू द्या. मंगळवारी सकाळी अकराला मोकळी असणारी माणसं तुमच्याच गेटमधून बाहेर पडतात.

नुसता कंटाळा आहे की काही जास्त, हे कसं ओळखायचं?

दोन आठवडे सलग मन खाली आहे, आवडत्या गोष्टीतही रस नाही, सुट्टीच्या दिवशी वेळ असूनही झोप लागत नाही किंवा उठवतच नाही, चिडचिड इतकी की मुलं जवळ यायला बिचकतात, तर डॉक्टरकडे जा. कंपनीच्या डॉक्टरशी बोलायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. पहाटे चारलाही लागते, हे तुमच्या कामाचं. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग असेल तर ती शिफ्टच्या नावावर खपवू नका, वेगळी तपासणी लागते.

शुगर, बीपीच्या गोळ्या ‘सकाळी’ लिहिल्या आहेत. माझी सकाळ कोणती?

हे डॉक्टरांनाच विचारायचं. पण विचारताना तो तीन रकान्यांचा कागद सोबत न्या. डॉक्टर जनरल शिफ्ट धरूनच लिहितात, कारण आपण सांगत नाही. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन न जेवता झोपलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि झोपेत ते कळत नाही. वेळ आपल्या मनाने पुढेमागे करू नका.

नाईटने कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रीच्या शिफ्टला ‘कर्करोगाला कारण असण्याची बरीच शक्यता’ या गटात, २अ मध्ये टाकलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. पुरावा किती भक्कम आहे ते हा गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. ६५ अंशांपेक्षा गरम पेयंही याच गटात आहेत, म्हणजे आपला उकळता चहासुद्धा. घाबरून नोकरी सोडू नका. पण वयाच्या पन्नाशीनंतर कायम नाईट मागून घेणाऱ्यांनी, भत्ता कितीही असो, फेरविचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सुट्टीच्या दिवशी दिवसभर झोपून काढू का?

शेवटची नाईट संपली की त्या सकाळी फक्त दोन-तीन तास झोपा, दुपारी उठून बाहेर उजेडात या, आणि रात्री दहाला आडवे व्हा. संध्याकाळ जड जाते, पण दुसऱ्या दिवसापासून माणसात येता. दिवसभर झोपलात तर रात्री दोनला टक्क जागे.

अमेरिकेच्या प्रोसेसमध्ये आहे. नोव्हेंबरमध्ये सगळं पुन्हा बिघडतं.

तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे तुमचं साडेसहाचं लॉगिन साडेसातला होतं. हे सोपं, शरीराला उशीर चालतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उलटं होतं आणि एक तास लवकर बसावं लागतं, तो आठवडा त्रासाचा. त्याआधीच्या सोमवारपासून झोपणं-उठणं रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे घेत जा. आणि कॅबवाल्याला पिकअपची नवी वेळ शुक्रवारीच कळवा, नाहीतर सोमवारी तो जुन्याच वेळेला येऊन उभा राहतो.